परराष्ट्रधोरण आणि प्राध्यापक : कोसंबींच्या निमित्ताने

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपल्या मराठी विभागांत बहुधा दोन प्रसंगी घेतले जाते. एक, लोकदैवतांचा, मातृदेवतांच्या ठाण्यांचा किंवा गीता-ज्ञानेश्वरीच्या सामाजिक पार्श्वभूमीचा विषय निघाला म्हणजे. दुसरा, 'मार्क्सवादी समीक्षा' या प्रकरणाच्या टिपणात चार नावांपैकी एक म्हणून. तिसरा प्रसंग अनौपचारिक असतो, आणि तो चर्चासत्रांच्या चहाच्या वेळी येतो. तेथे कोणीतरी सांगतो : अमेरिकेविरुद्ध आणि शांततेच्या बाजूने बोलले म्हणून कोसंबींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून घालवले. त्यावर दुसऱ्या कोणाचे उत्तर तयारच असते : छे, राजकारणाचा काही संबंध नव्हता, रीमानच्या गृहीतकाची सिद्धता चुकली आणि गणितज्ञांत हसे झाले म्हणून गेले.

ही दोन्ही वाक्ये मी गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे. ती इतकी घोटीव आहेत की ती उच्चारणाऱ्याने कोसंबींचे एक पानही वाचलेले नसले तरी चालते. पहिल्या वाक्यातून एक हुतात्मा मिळतो, दुसऱ्यातून एक विक्षिप्त म्हातारा. आणि दोन्हींमुळे एका प्रश्नाला बगल देता येते. एखाद्या प्राध्यापकाची राजकीय मते, त्यातही आपल्या देशाबाहेरच्या सत्तेविषयीची मते, त्याच्या विद्येपासून कितपत वेगळी काढता येतात, आणि ती मते नापसंत असणाऱ्यांनी त्या विद्येचे काय करावे, हा तो प्रश्न. आजच्या वातावरणात तो टाळणे आपल्याला परवडणारे नाही.

आधी थोडा तपशील, कारण या विषयात तपशीलच सर्वांत आधी हरवतो.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पालीचे पंडित. 'निवेदन' हे त्यांचे आत्मकथन मराठी आत्मचरित्रांच्या इतिहासात महत्त्वाचे आहे हे येथे वेगळे सांगायला नको. धर्मानंद 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, आणि १९१८ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदराला सोबत नेले. मुलगा तिकडच्याच शाळेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून उच्च श्रेणीत पदवीधर होऊन बाहेर पडला. म्हणजे अमेरिका हा कोसंबींच्या दृष्टीने वर्तमानपत्रातला देश नव्हता. तो त्यांच्या शाळेचा, ग्रंथालयाचा, घडणीचा देश होता. अमेरिकेच्या धोरणांवर कडाडून टीका करणाऱ्या त्या काळातल्या भारतीयांपैकी किती जणांनी त्या देशात बालपण काढले होते, याचा विचार केला तर कोसंबींच्या टीकेचा सूर वेगळा का लागतो ते कळते. त्या सुरात घरच्या माणसाची चीड आहे.

पुढे बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. तेथे जवळजवळ एक तप गणित शिकवल्यावर, महायुद्ध संपता संपता, ते होमी भाभांच्या नव्या संस्थेत आले. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला येणारे हे प्राध्यापक गाडीत वाचन करीत, लेख तपासत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेले आणि प्रिन्स्टन व शिकागो येथे राहिले. त्या मुक्कामात त्यांना दिसलेली अमेरिका त्यांच्या विद्यार्थिदशेतली नव्हती. प्राध्यापकांकडून निष्ठेच्या शपथा मागितल्या जात होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठात शपथेवर सही न करणाऱ्या ३१ अध्यापकांना १९५० मध्ये कामावरून कमी केले गेले. भारताच्या आर्थिक इतिहासाचे अभ्यासक डॅनियल थॉर्नर यांनी सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष देण्याचे नाकारले, पेनसिल्व्हेनियातले पद गमावले आणि वर्षानुवर्षे भारतातच राहून १९६० मध्ये पॅरिस गाठले.

या अनुभवातून कोसंबींनी 'मंथली रिव्ह्यू' या न्यूयॉर्कच्या मासिकात दोन लेख लिहिले. १९५१ चा लेख साम्राज्यवाद आणि शांतता या विषयावरचा, कोरियात युद्ध चालू असतानाचा. १९५२ चा विज्ञान आणि स्वातंत्र्य यांच्यावरचा. दुसऱ्या लेखाचा मुद्दा आजही बोचतो. स्वातंत्र्य धोक्यात आले अशी अमेरिकी वैज्ञानिकांची तक्रार होती. कोसंबी विचारतात की पगार युद्धखात्याचा आणि उद्योगसमूहांचा असताना हे स्वातंत्र्य नेमके कोणाचे आणि कशासाठीचे? अमेरिकेला शिव्या घालण्याचा हा प्रकार नाही. ज्ञानाचा खर्च कोण करतो आणि त्या बदल्यात काय मागतो, हा हिशेब ते मांडतात, आणि तो कोणत्याही देशाच्या वैज्ञानिकाला लागू पडतो. त्यांच्या स्वतःच्या संस्थेलाही.

पुढच्या घटना समजून घेण्याची किल्ली मला येथे दिसते. कोरियावर लिहिले, अण्वस्त्रांविरुद्ध बोलले, विश्व शांतता परिषदेचे सदस्य म्हणून परदेशी अधिवेशनांना गेले; तरी त्यांची नोकरी टिकली. १९५१ पासून १९६२ पर्यंत अकरा वर्षे टिकली. 'अमेरिकेविरुद्ध बोलले म्हणून गेले' या वाक्याची येथेच पंचाईत होते. नेहरूकालीन भारतात अमेरिकेवर टीका करणे हा गुन्हा नव्हता. किंबहुना ती शिष्टसंमत गोष्ट होती. जोवर परराष्ट्रधोरण परराष्ट्राचे असते तोवर प्राध्यापकाने त्यावर काहीही बोलावे, कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते धोरण उंबरठा ओलांडून घरात आले म्हणजे.

ते घरात आले अणुभट्टीच्या रूपाने. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत शांततेसाठी अणू ही योजना मांडली. पुढच्याच वर्षी भारतात अणुऊर्जा खाते स्थापन झाले आणि भाभा त्याचे प्रमुख झाले. तुर्भ्याला कॅनडाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या भट्टीत जड पाणी अमेरिकेचे होते. तारापूरसाठी अमेरिकेशी करार झाला १९६३ मध्ये, आणि जनरल इलेक्ट्रिकच्या त्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. अणुऊर्जेच्या या उत्साहाच्या भरात, जुलै १९६० मध्ये, कोसंबी पुण्याच्या रोटरी क्लबात उभे राहिले आणि म्हणाले (शब्द माझे, आशय त्यांचा) की या देशाला वर्षभर ऊन मिळते, ते विकत आणावे लागत नाही, ते गावोगाव पोचलेले आहे. अणुऊर्जा महाग आहे, तिच्या राखेचे काय करायचे ते कोणाला ठाऊक नाही, आणि ती आपल्याला परक्यांच्या यंत्रांवर आणि इंधनावर अवलंबून ठेवील. ज्यांच्या संस्थेत ते नोकरीला होते तेच भाभा अणुऊर्जा खात्याचे सूत्रधार होते. कोरियाबद्दलचे मत आणि हे मत एकाच विचारातून आलेले आहे. परंतु पहिल्याची किंमत शून्य होती, दुसऱ्याची नव्हती.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नोकरीचा करार पुढे वाढवला नाही. यात गणिताचा भाग नव्हता असे मी म्हणणार नाही, कारण तो होता. १९५९ मध्ये, रीमानने ते गृहीतक मांडल्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, कोसंबींनी कृषिसंख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात संभाव्यतेच्या मार्गाने त्याची सिद्धता मिळाल्याचा दावा केला. ती सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांनी मोठा प्रश्न सोडवायला घ्यावा आणि त्यात हार खावी यात लाज नाही; पण ती हार कुठे आणि कशी छापली जाते याला त्या जगात महत्त्व असते, आणि या प्रकाराने कोसंबींची त्या वर्तुळातली पत घसरली. याच माणसाचे १९४४ चे जनुकशास्त्रातले सूत्र आजही त्याच्या नावाने वापरले जाते, हेही त्या पतीच्या हिशेबात धरायला हवे होते. एवढे सगळे लक्षात घेतले तर कारण राजकारण की गणित असा प्रश्न विचारणेच भाबडे ठरते. संस्था गैरसोयीच्या माणसाला गैरसोयीसाठी काढत नाहीत. त्याच्या हातून एखादी चूक होण्याची वाट पाहता येते. आपल्यापैकी ज्यांनी महाविद्यालयांच्या चौकशी समित्यांचे कामकाज जवळून पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागू नये.

मनोरीला आम्ही काही प्राध्यापक आणि एम.ए.चे विद्यार्थी अधूनमधून रविवारी जमतो. मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पाच-सात मिनिटांत मुंबई मागे पडते, आणि घड्याळाकडे न पाहता वाचता येते. गेल्या पावसाळ्यात तेथे कोसंबींच्या 'एग्झॅस्परेटिंग एसेज' या १९५७ च्या संग्रहातले काही लेख वाचले. वाचून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अमेरिकेविरुद्ध बोलायला आपल्याकडे काय लागतं? तिकडे त्यांना कळतसुद्धा नाही." प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर मी दिले नाही, गोराईहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने दिले. तिने तारापूरची गोष्ट काढली. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवली गेलेली अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे, आणि तेथून उठलेले मच्छीमार. भट्टीत काय जळते आणि ते कोणत्या देशाने द्यायचे, हा प्रश्न त्या गावांच्या घरापर्यंत कसा आला, हे तिला वाचून ठाऊक नव्हते, किनाऱ्यावरच्या बोलण्यातून ठाऊक होते. १९७४ च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनाला अडथळे आणले आणि पुढे ते फ्रान्सकडून मिळवावे लागले, हा तपशील मी त्यात घातला. कोसंबींनी १९६० मध्ये परावलंबनाचा इशारा दिला होता तो असा खरा ठरला. मनोरीतच समुद्राचे पाणी गोडे करण्याचा महानगरपालिकेचा प्रकल्प घाटत असल्यामुळे मंडळींना या विषयात आपसूकच रस होता. चर्चा मग तिकडे गेली. असो.

मात्र कोसंबींना द्रष्टा ठरवून मोकळे होण्याचा मोहही आवरायला हवा. अमेरिकेच्या युद्धखात्याचा पैसा ज्यांना इतका स्पष्ट दिसत होता, त्यांना ज्या विश्व शांतता परिषदेत आपण बसतो ती सोव्हिएत धोरणाच्या कक्षेत फिरते हे दिसत नव्हते काय? चीनविषयी १९५७ मध्ये त्यांनी जे लिहिले त्यात अमेरिकेला लावलेली चाळणी नाही. तेथे ते पाहुण्याच्या सौजन्याने पाहतात. शास्त्रज्ञाच्या स्वातंत्र्याचा खर्च कोण करतो हा प्रश्न त्यांनी पेकिंगमध्ये तितक्याच तिखटपणे विचारला असता तर त्यांचे ते लेख आज अधिक टिकाऊ वाटले असते. ही उणीव लपवून कोसंबी शिकवणे म्हणजे विद्यार्थ्यांना फसवणे होय.

आता साहित्याच्या विद्यार्थ्यांना खरोखर जवळच्या वादाकडे येतो. चहाच्या वेळी हा वाद कोणी काढत नाही, आणि माझ्या मते तोच अधिक बोलका आहे.

कोसंबींनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. तीनशेहून अधिक हस्तलिखिते तपासून त्यांनी बहुतेक सर्व परंपरांत आढळणारी २०० पद्ये एका गटात ठेवली, काही परंपरांत आढळणारी दुसऱ्या गटात आणि उरलेली संशयास्पद तिसऱ्यात. हे काम करताना त्यांचा मार्क्सवाद कोठे दिसतो? दिसत नाही. पद्य कोणत्या वर्गाच्या हिताचे आहे यावरून त्यांनी त्याला आत घेतले वा बाहेर काढले असे एकही उदाहरण मला सापडलेले नाही. पाठचिकित्सेत ते गणिती आहेत. पण त्याच भर्तृहरीच्या वैराग्याविषयी त्यांनी आधीच एक निबंध लिहिला होता आणि तो वर उल्लेखिलेल्या संग्रहातही घेतला. त्यात ते म्हणतात की हे वैराग्य तृप्त माणसाचे नाही. आश्रयदात्याच्या दारात ताटकळणाऱ्या, पोटासाठी लाचार झालेल्या, आणि त्या लाचारीची चीड असलेल्या सुशिक्षिताचे आहे. नीतिशतक पाठ करून वाढलेल्या पुणेरी वाचकांना हे किती झोंबले असेल! मला स्वतःला हा निबंध मराठी प्राध्यापकाने वर्षातून एकदा तरी वाचावा असा वाटतो. तासिकातत्त्वावर पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला भर्तृहरीच्या धनिकांवरच्या पद्यांत कोणता सूर आहे हे टीकाकारांनी सांगावे लागत नाही. कोसंबींनी त्याला नाव दिले इतकेच.

नंतर विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश'. बंगालमधील जगद्दल विहारातील या बौद्ध पंडिताने अकराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केलेला हा संग्रह सतराशेहून अधिक पद्यांचा आहे, आणि त्यात शृंगाराला दिलेली जागा पाहून विहारातल्या जीवनाविषयीच्या आपल्या कल्पना जरा हलतात. कोसंबींनी वा. वि. गोखले यांच्यासह त्याचे संपादन केले आणि ते १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४२वा खंड म्हणून निघाले. त्याआधीचा ४१वा खंड म्हणजे धर्मानंदांनी ज्यासाठी हार्वर्डच्या वाऱ्या केल्या तो 'विसुद्धिमग्ग', जो त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाला. वडिलांच्या पाठोपाठ मुलगा, एकाच मालेत, लागोपाठच्या क्रमांकांवर. यावर कोणी मराठी लेखकाने अजून कादंबरी कशी लिहिली नाही याचे मला आश्चर्य वाटते.

या ग्रंथाला कोसंबींनी लिहिलेली प्रस्तावना हा खरा स्फोटक भाग. संस्कृत दरबारी काव्य हे सरंजामी वरिष्ठ वर्गाचे, त्याच वर्गासाठी असलेले, आणि म्हणून जीवनाच्या मोठ्या भागाला न शिवणारे काव्य आहे, असा तिचा रोख आहे. संपादकाने आपणच संपादित केलेल्या काव्याची अशी झडती घ्यावी हा प्रकार दुर्मीळ. मालेचे प्रमुख संपादक होते डॅनियल इंगॉल्स. महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जपानी संदेशांची सांकेतिक लिपी उलगडण्याचे काम केलेला हा गृहस्थ, संस्कृत काव्याचा निस्सीम प्रेमी आणि मार्क्सवादाशी काहीही देणेघेणे नसलेला. शीतयुद्ध भरात असताना, ज्या लेखकाने अमेरिकेला साम्राज्यवादी म्हणून जाहीरपणे झोडपले होते त्याची ही प्रस्तावना इंगॉल्सनी आपल्या मालेत छापली. आणि मग काय केले? संपूर्ण संग्रहाचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९६५ मध्ये त्याच मालेत ४४वा खंड म्हणून आला आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कोसंबींच्या भूमिकेचा प्रतिवाद केला. दरबारी काव्याची शिस्त, ध्वनी, संकेतांची श्रीमंती हे सारे वर्गाच्या हिशेबात कसे निसटते ते पद्यापद्याने दाखवले.

माझे मत विचाराल तर काव्यशास्त्राच्या प्रश्नात इंगॉल्स बरोबर आहेत. कोसंबींना शृंगाराच्या पद्यांतला बारकावा कळत होता, पण ते त्याला महत्त्व द्यायला तयार नव्हते. उलट, ही कविता कोण ऐकत होते आणि तिचा खर्च कोण करत होते या प्रश्नाला इंगॉल्सकडे समाधानकारक उत्तर नाही. तेथे कोसंबी आपल्याला अधिक पुढे नेतात. कोसंबींचे अमेरिकी परराष्ट्रधोरणावरचे मत आणि दरबारी कवितेवरचे मत ही एकाच मुळाची दोन रोपे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पैसा कोणाचा, हा एकच प्रश्न ते दोन्हीकडे विचारतात. म्हणून 'त्यांची विद्या घ्या, राजकारण सोडा' हा सभ्य सल्ला निरुपयोगी आहे. पाठचिकित्सेपुरता तो चालेल, समीक्षेत चालणार नाही. राजकारण काढून टाकले तर समीक्षेतला प्रश्नच जातो. ज्याला ते राजकारण मान्य नाही त्याच्यापुढे इंगॉल्सचा मार्ग उरतो. तो कष्टाचा आहे. त्यात सतराशे पद्यांचा अनुवाद करावा लागतो.

१९५७ साली अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडली. 'मंथली रिव्ह्यू'चे एक संपादक पॉल स्वीझी यांनी १९५४ मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठात एक व्याख्यान दिले होते. व्याख्यानात काय सांगितले ते राज्याच्या महाधिवक्त्याला सांगण्यास त्यांनी नकार दिला, त्यांच्यावर कारवाई झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जून १९५७ मध्ये निकाल स्वीझींच्या बाजूने लागला. वर्गात काय बोलले गेले याचा जाब सरकारने विचारावा का, या प्रश्नावर तो निकाल आजही आधाराला घेतला जातो. ज्या देशावर कोसंबी टीका करत होते त्या देशाने त्यांची टीका छापली, त्यांची प्रस्तावना छापली, त्यांच्या संपादकाला न्याय दिला. आणि त्याच देशाने ३१ प्राध्यापकांना घरी बसवले आणि थॉर्नरना परागंदा केले. देशांविषयी मत बनवणे किती अवघड असते!

आपल्याकडे या सगळ्याचा दुसरा पदर फारसा उलगडला जात नाही. शीतयुद्धाच्या पलीकडच्या बाजूलाही मराठी माणसे होती. मार्च १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याची परिषद भरली, मिनू मसानी तिच्या अग्रभागी होते, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या भारतीय समितीच्या कामात आपले प्रभाकर पाध्ये अनेक वर्षे होते. या चळवळीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत होता हे १९६६-६७ मध्ये उघड झाले. पाध्यांच्या 'सौंदर्यानुभव'ला १९८२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, आणि त्या ग्रंथातल्या सौंदर्यविचारावर त्या पैशाची सावली शोधणे हास्यास्पद होईल. कोणी शोधतही नाही, ते योग्यच आहे. माझी तक्रार एवढीच की कोसंबींच्या बाबतीत हीच सभ्यता आपण विसरतो. डाव्या विचाराच्या अभ्यासकाची मते त्याच्या विद्येवरचा डाग मानली जातात, उदारमतवाद्याची मते त्याच्या संस्कृतीचा भाग. दोघांनाही एकच मोजपट्टी लावा. मग ती कडक असो वा सैल.

आणि मोजपट्टी लावायचीच तर ती आपल्यालाही लावावी लागेल. अमेरिकेच्या परराष्ट्रधोरणाने मराठीचे नुकसान केले की भले? ज्यांच्या घरी दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली त्यांना तिची भाकरी आठवते. त्याच पी.एल. ४८० कराराच्या रुपयांतून १९६२ पासून मराठी पुस्तके अमेरिकेच्या ग्रंथालयांत पोचू लागली. मराठी शिकवणारे वर्ग पेनसिल्व्हेनिया, शिकागो यांसारख्या विद्यापीठांत चालले ते १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याच्या पैशावर. 'संरक्षण' हा शब्द त्या कायद्याच्या नावातच आहे. त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या अभ्यासकांचे ऋण संतसाहित्याचा आणि दलित चळवळीचा प्रत्येक संशोधक मान्य करतो. पैसा कोणाचा, हा कोसंबींचा प्रश्न आपल्याच संशोधनाला विचारला की अशी अडचणीची उत्तरे येतात.

आजच्या स्थितीकडे पाहिले तर परराष्ट्रधोरणावर बोलणे पूर्वीसारखे फुकट राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत पॅलेस्टाइनविषयीचा माहितीपट वर्गात दाखवल्यावरून आणि त्यावरच्या पाहुण्यांच्या भाषणावरून एका प्राध्यापिकेविरुद्ध पोलिसांपर्यंत तक्रार गेली. त्याच सुमारास त्याच विषयावरचे एका ज्येष्ठ अभ्यासकाचे व्याख्यान तेथे रद्द झाले. मे २०२४ मध्ये विद्याविहारच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला समाजमाध्यमावरील मजकुरांना दिलेल्या पसंतीच्या खुणांवरून नोकरी गमवावी लागली. या दोन्ही ठिकाणी विषय हजारो मैल दूरचा होता, आणि अमेरिकेची भूमिका त्यात अर्थातच गुंतलेली होती. कोसंबींच्या काळाशी तुलना केली तर एक फरक ठळकपणे जाणवतो. १९५१ मध्ये दूरच्या युद्धाविषयीचे मत खपवून घेतले जाई, घरच्या भट्टीविषयीचे नाही. आता दूरच्या युद्धावरचे मतच घरच्या निष्ठेचे माप म्हणून वापरले जाते. त्यांच्या म्हणण्यातले चूक काय आणि बरोबर काय हे सांगणारा एखादा प्रतिवाद, एखादे उलट व्याख्यान, एखादा लेख, हे काही या प्रकरणांत संस्थांकडून पुढे आलेले मला दिसले नाही.

वर्गात राजकारण आणू नका, असे म्हणणारे सहकारी मला भेटतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना विद्यार्थ्यांवर दडपण नको असते. प्राध्यापकाच्या मताशी न जुळणारी उत्तरपत्रिका कमी गुणांची ठरू नये, ही त्यांची चिंता मलाही आहे, आणि डाव्या-उजव्या दोन्ही प्रकारच्या गुरुजनांकडून तसे होताना मी पाहिले आहे. परंतु यावर उपाय म्हणून मत लपवणारा प्राध्यापक अधिक धोकादायक असतो. लपलेल्या मताशी विद्यार्थ्याला भांडता येत नाही. कोसंबींनी आपले पत्ते टेबलावर मांडून ठेवले होते, म्हणूनच इंगॉल्सना त्यांच्याशी खेळता आले.

टाटा संस्था सुटल्यावर कोसंबी पुण्यातच काम करत राहिले. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक १९६२ मध्येच आले. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय वैज्ञानिक म्हणून नेमले आणि त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संबंध ठेवून ते काम केले. भाभा जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात गेले, कोसंबी त्याच वर्षी २९ जूनला. दोघांतला वाद अर्धाच राहिला. तो पुढे चालवण्याची जबाबदारी विज्ञानाच्या मंडळींची आहे, ती मी त्यांच्याकडे सोपवतो.

आपल्याकडचे काम लहान आहे. पदव्युत्तर वर्गांच्या साहित्यसमीक्षेच्या पत्रिकेत 'मार्क्सवादी समीक्षा' या घटकाखाली कोसंबींचे नाव घालून दोन ओळींचे टिपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेण्याऐवजी, 'सुभाषितरत्नकोशा'ची १९५७ ची प्रस्तावना आणि इंगॉल्स यांची १९६५ ची प्रस्तावना या दोन्ही मराठी अनुवादात एकत्र लावाव्यात, आणि सोबत शरद पाटलांनी जातिव्यवस्थेच्या मुद्द्यावर कोसंबींवर घेतलेले आक्षेप ठेवावेत. अनुवादासाठी हार्वर्डकडे परवानगी मागावी लागेल. ते पत्र लिहायला मी तयार आहे. अभ्यासमंडळाच्या सभासदांपैकी कोणी पुढे यावे.